हाड शाबूत, तरी हात निकामी: मोटरसायकल अपघातात मेंदूला आणि नसांना धोका कशामुळे वाढतो?

मोटरसायकलवरून पडलेला एखादा माणूस स्वतःच्या पायांवर उठून उभा राहतो, कपडे झटकतो, जमलेल्या लोकांना ‘मला काही झालेले नाही’ असे सांगतो आणि घरी जाऊन झोपतो. काही तासांनी त्याला उठवायला जावे, तर तो उठत नाही. दुसऱ्या एखाद्या अपघातात खांद्यावर आपटलेल्या तरुणाचे एक्स-रे काढले जातात, एकही हाड मोडलेले सापडत नाही, पण त्याचा हात खांद्यापासून लोंबकळत राहतो आणि महिने उलटले तरी बोटही हलत नाही. जखम बाहेर दिसत नसताना एवढे नुकसान झाले कसे, हा प्रश्न नातेवाइकांना छळत राहतो.

आपण दुखापतीचा अंदाज रक्त, सूज आणि मोडलेले हाड पाहून लावतो. मेंदू आणि नसा यांच्या बाबतीत हा अंदाज चुकतो, कारण त्यांचे नुकसान मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्यांना किती ताण आणि पीळ बसला, आणि त्यानंतर किती वेळ वाया गेला. अपघाताचा धोका वाढवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट या दोन गोष्टींपैकी एकीला वाढवते. हे सूत्र धरून पुढे गेलो, की विखुरलेल्या वाटणाऱ्या अनेक सूचनांमागचे कारण आपोआप कळू लागते.

मज्जासंस्था इतकी नाजूक का

मेंदू, पाठीच्या कण्यातून खाली जाणारा मज्जारज्जू आणि तिथून हातापायांपर्यंत पसरलेल्या नसा यांना मिळून मज्जासंस्था म्हणतात. घरातील वीजजोडणीशी तिची तुलना करता येते. मेंदू हा मुख्य फलक, मज्जारज्जू ही भिंतीतून खाली गेलेली जाड केबल आणि नसा म्हणजे प्रत्येक दिव्यापर्यंत पोहोचलेल्या तारा. दिवा उत्तम स्थितीत असला, तरी मधली तार तुटली तर तो लागत नाही. स्नायू धडधाकट असूनही हात हलत नाही, तो याच कारणाने.

मात्र ही तुलना एका ठिकाणी अपुरी पडते. तुटलेली तार जोडता येते किंवा बदलता येते. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तुटलेले तंतू माणसात जवळजवळ पुन्हा वाढत नाहीत. हातापायांतील नसा वाढू शकतात, पण फार सावकाश आणि काही अटींवर. मोडलेले हाड दोन-तीन महिन्यांत जुळते, म्हणून नसही तशीच जुळेल, ही समजूत इथे कामाची नाही.

आपटते डोके, पण हलतो मेंदू

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १.४ किलो वजनाचा आणि अतिशय मऊ असतो. तो कवटीत घट्ट बसवलेला नसतो. त्याच्याभोवती आणि आतल्या पोकळ्यांत मिळून सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो आणि त्या द्रवात तो जणू तरंगत असतो. चालणे, धावणे, उड्या मारणे यांतील धक्के हा द्रव सहज पचवतो. पाण्याने भरलेले भांडे हातात घेऊन चालणाऱ्या माणसाने एकदम थांबावे, तर भांडे थांबते, पाणी मात्र पुढे जाऊन काठावर आपटते. डोके रस्त्यावर आपटते तेव्हा कवटी थांबते आणि मेंदू पुढे जात राहतो, आधी कवटीच्या एका बाजूवर आणि मग उलट फिरून दुसऱ्या बाजूवर. त्यामुळे कपाळाला मार लागलेल्या माणसाच्या मेंदूला मागच्या बाजूसही जखम झालेली आढळू शकते.

इथे थोडे अंकगणित उपयोगी पडते. उभ्या असलेल्या मोटरसायकलवरून माणूस आडवा पडला आणि त्याचे डोके दीड मीटर उंचीवरून खाली आले, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटर असतो. यात गाडीचा वेग मिळवलेलाच नाही. आता ते डोके किती अंतरात थांबते हे महत्त्वाचे. उघडे डोके डांबरावर आपटले, तर थांबण्यासाठी त्याला जेमतेम काही मिलिमीटर मिळतात. तेच डोके तीन सेंटिमीटर जाड, चेपणाऱ्या थरात रुतत गेले, तर थांबण्याचे अंतर सुमारे दहापट होते आणि बसणारा सरासरी धक्का त्याच प्रमाणात, म्हणजे दहाव्या हिश्श्यावर येतो. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा दिसणारा थर नेमके हे अंतर मिळवून देण्यासाठी असतो. लोकांना हेल्मेटचे बाहेरचे कठीण कवच महत्त्वाचे वाटते. कवच आघात पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही, पण मेंदूला वाचवण्याचे बरेचसे काम आतला थर स्वतः चिरडून घेऊन करतो. तो एकदा चिरडला की पूर्ववत होत नाही, म्हणून अपघातात आपटलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसले तरी पुन्हा वापरू नये.

सरळ आघातापेक्षा पीळ अधिक घातक

मोटरसायकलस्वार भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखा सरळ क्वचितच आपटतो. तो तिरका पडतो, घसरतो, लोळतो आणि त्याचे डोके आपटताना झटक्यात फिरते. १९४३ मध्ये ऑक्सफर्ड येथील भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. हॉलबोर्न यांनी जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून असे मांडले, की मेंदू दाबाला चांगला टिकतो, पण पिळाला टिकत नाही. पत्त्यांचा कॅट टेबलावर ठेवून वरून कितीही दाबला तरी पत्ते जागचे हलत नाहीत, मात्र वरचा भाग बाजूला ढकलला की प्रत्येक पत्ता खालच्यावरून सरकतो. डोके झटक्यात फिरते तेव्हा मेंदूचे थर असेच एकमेकांवरून सरकू पाहतात आणि त्यांच्यातून आरपार जाणारे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात.

या इजेला डॉक्टर ‘डिफ्यूज ॲक्सोनल इंजरी’ म्हणतात, म्हणजे मेंदूभर विखुरलेली तंतूंची इजा. हिच्यात रक्ताची मोठी गुठळी नसते आणि कवटीला तडाही नसू शकतो. रुग्ण अपघातापासूनच बेशुद्ध असतो आणि पहिला सीटी स्कॅन मात्र जवळजवळ सामान्य दिसू शकतो. नातेवाईक विचारतात, ‘स्कॅन चांगला आहे, मग हा जागा का होत नाही?’ सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाड चांगले दाखवतो. सूक्ष्म तंतूंचे नुकसान त्याच्या नजरेतून सुटते आणि एमआरआयमध्ये काही अंशी दिसते. शल्यक्रियेने काढून टाकता येईल असे या इजेत काही नसते, आणि म्हणूनच ती मला सर्वांत दुःखद वाटते. इथे डॉक्टरांच्या हाती मुख्यतः रुग्णाला सांभाळणे आणि वाट पाहणे एवढेच उरते.

‘पण तो तर शुद्धीवर होता’

सुरुवातीला सांगितलेल्या पहिल्या माणसाचे कोडे इथे सुटते. कानशिलाजवळ कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूला लागून एक धमनी जाते. तिथे मार लागून हाडाला तडा गेला आणि ती धमनी फाटली, तर कवटी आणि मेंदूचे बाहेरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. कवटी ही बंद पेटी आहे, तिला फुगता येत नाही. सुरुवातीला थोडा द्रव बाहेर सरकून रक्ताला जागा करून देतो, म्हणून माणूस बोलतो, चालतो, ओळखतो. ती जागा संपली की दाब झपाट्याने वाढतो आणि मेंदू खालच्या दिशेने ढकलला जाऊन श्वासाचे नियंत्रण करणारा भाग दाबला जातो. मधला शुद्धीचा काळ काही मिनिटांचा असू शकतो, काही तासांचाही असू शकतो. वेळेवर शल्यक्रिया झाली तर असे रुग्ण अनेकदा पूर्ण बरे होतात, कारण मेंदू मुळात फारसा जखमी नसतो, तो फक्त दाबला जात असतो. वेळ हाच इथला धोका आहे.

दुसऱ्या प्रकारात मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणून तुटतात. वय वाढले की किंवा वर्षानुवर्षांच्या दारूमुळे मेंदू थोडा आक्रसतो, या शिरा आधीच ताणलेल्या राहतात आणि किरकोळ झटक्यानेही तुटतात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये असा रक्तस्राव थांबायलाही वेळ लागतो. म्हणून वयस्कर स्वाराला किंवा अशी औषधे घेणाऱ्या कोणालाही डोक्याला साधा मार लागला तरी तो साधा मानू नये. कधी कधी लक्षणे काही आठवड्यांनी, वागण्यातला बदल किंवा चालताना तोल जाणे अशा रूपात दिसतात.

हाताच्या नसा: मान एकीकडे, खांदा दुसरीकडे

आता दुसरे कोडे. मानेतील मज्जारज्जूतून दोन्ही बाजूंना नसांची पाच-पाच मुळे निघतात, मानेच्या तळाशी एकमेकांत गुंफली जातात आणि त्या गुंफणीतून संपूर्ण हाताच्या नसा तयार होतात. या गुंफणीला ‘ब्रेकियल प्लेक्सस’ म्हणतात; आपण तिला हाताच्या नसांचे जाळे म्हणू. वरची मुळे खांदा उचलतात आणि कोपर वाकवतात, खालची मुळे मनगट आणि बोटे चालवतात.

स्वार हवेत फेकला जाऊन खांद्यावर आपटतो तेव्हा खांदा जमिनीशी थांबतो आणि डोके व धड पुढे जात राहतात. कान आणि खांदा यांच्यातले अंतर एका क्षणात ताणले जाते आणि त्यांच्यामधून जाणारे नसांचे जाळे त्या ताणाखाली येते. हाताने हँडलची मूठ घट्ट धरून ठेवल्यामुळे हात वर आणि मागे ओढला गेला, तर खालच्या मुळांवर जास्त ताण पडतो. हाडाला काहीही न होता नस फाटू शकते, कारण हाड मोडायला आघात लागतो आणि नस फाटायला ताण पुरतो.

या इजांवर आयुष्यभर काम करणारे शल्यचिकित्सक अल्गिमांटास नाराकास यांनी १९८५ मध्ये आपल्या रुग्णांच्या अनुभवावरून एक सोपा ठोकताळा मांडला. त्यांच्या मते नसांच्या जाळ्याला होणाऱ्या इजांपैकी सुमारे ७० टक्के रस्ते अपघातांतल्या असतात. त्या अपघातांपैकी सुमारे ७० टक्के मोटरसायकल किंवा सायकलचे असतात. आणि अशा स्वारांपैकी सुमारे ७० टक्के जणांना इतरही गंभीर दुखापती झालेल्या असतात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा. डोक्याची आणि पोटाची जखम जीव घेणारी असल्याने सगळ्यांचे लक्ष तिकडे असते आणि न हलणारा हात अनेक दिवस कोणाच्या ध्यानातच येत नाही.

नसेची इजा तीन पायऱ्यांची असते, हे वर्गीकरण ब्रिटिश शल्यचिकित्सक हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये रूढ केले. पहिल्या पायरीत नस फक्त बधिर होते, तिची रचना शाबूत राहते आणि काही आठवड्यांत ती आपोआप सुधारते. दुसऱ्या पायरीत वायरचे बाहेरचे आवरण शाबूत असते, पण आतले तांबे तुटलेले असते. आवरणाच्या नळीतून तंतू पुन्हा वाढू शकतात. तिसऱ्या पायरीत आवरणासह सगळेच तुटते आणि शल्यक्रियेशिवाय ते जोडले जात नाही. याहून वाईट अशी एक अवस्था आहे, ती म्हणजे नसेचे मूळ मज्जारज्जूतूनच उपटले जाणे. फांदी तुटलेले रोप पुन्हा फुटू शकते, मुळासकट उपटलेले नाही. उपटलेल्या मुळाला जिथून निघाले तिथे पुन्हा जोडून हात पूर्ववत करणारी उपचारपद्धती आज नित्याच्या वापरात नाही. अशा रुग्णांना बधिर झालेल्या हातात भाजल्यासारख्या, चिरडल्यासारख्या असह्य वेदना होऊ शकतात, आणि त्या खऱ्या असतात. ‘हाताला काही कळत नाही, मग दुखते कसे?’ असे त्यांना विचारणे क्रूरपणाचे आहे, कारण ती वेदना हातात नसून मज्जारज्जूच्या फाटलेल्या जागेत जन्माला येत असते.

पायातही असे घडते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावरून वळसा घेणारी एक नस आपटली किंवा ताणली गेली की पाऊल वर उचलता येत नाही आणि चालताना ते फरफटते. मज्जारज्जूची इजा हा वेगळा आणि मोठा विषय आहे. मोटरसायकलस्वारांमध्ये ती मानेइतकीच छातीच्या मागच्या कण्यातही होते, एवढे इथे पुरे.

रोज एक मिलिमीटर

तुटलेली नस वाढते तेव्हा तिचा वेग रोज साधारण एक मिलिमीटर असतो. मानेपासून हाताच्या तळव्यापर्यंतचे अंतर ६०-७० सेंटिमीटर धरले, तर तंतू तिथे पोहोचायला सुमारे दोन वर्षे लागतील. पण नसेचा संकेत न मिळालेला स्नायू साधारण १२ ते १८ महिन्यांत कायमचा निकामी होतो. म्हणजे तंतू पोहोचतो तेव्हा दार बंद झालेले असते.

म्हणून शल्यक्रियेची गरज असेल, तर ती शक्यतो पहिल्या तीन ते सहा महिन्यांत व्हावी, असे या विषयातले डॉक्टर सांगतात. फ्रेंच शल्यचिकित्सक क्रिस्तोफ ओबर्लां यांनी १९९४ मध्ये या हिशेबावर एक सुंदर तोडगा वर्णन केला. दंडातून हाताच्या पंजाकडे जाणाऱ्या निरोगी नसेतले एखाददुसरे सूत काढून ते कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या नसेला अगदी स्नायूजवळ जोडायचे. त्यामुळे तंतूला मानेपासूनचा प्रवास करावा लागत नाही, काही सेंटिमीटर पुरतात, आणि पंजाची ताकदही फारशी कमी होत नाही. मात्र ही उसनवारी खालची मुळे शाबूत असतील तरच शक्य होते, आणि वर्षभर केवळ मालिश आणि वाट पाहण्यात गेल्यावर आलेल्या रुग्णासाठी हा दरवाजाही बहुतेक बंद झालेला असतो.

मग धोका वाढतो कशाने?

वेगाचे नाव सगळेच घेतात, पण त्याचे गणित क्वचित सांगितले जाते. वेग दुप्पट झाला की शरीरात साठलेली ऊर्जा चौपट होते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने स्थिर वस्तूवर आदळणे हे सुमारे पाच मीटर उंचीवरून पडण्यासारखे आहे. ताशी ७२ किलोमीटरला ती उंची वीस मीटरच्या आसपास जाते. मोटारीत ही ऊर्जा गाडीचा चुरडणारा पुढचा भाग, पट्टा आणि एअरबॅग वाटून घेतात. मोटरसायकलवर ती वाटून घ्यायला स्वाराचे शरीरच असते.

अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. तो जुना असला, तरी त्यातली काही निरीक्षणे आजही विचार करायला लावतात. सुमारे तीन चतुर्थांश अपघातांत दुसरे वाहन होते, आणि अशा अपघातांपैकी दोन तृतीयांशांमध्ये चूक त्या दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती. चौकात वळताना त्याला मोटरसायकल दिसलीच नव्हती किंवा फार उशिरा दिसली. म्हणजे ‘मी नीट चालवतो’ ही खात्री स्वतःपुरती खरी असली, तरी पुरेशी नाही. अपघातग्रस्त स्वारांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून चालवायला शिकलेले होते. निम्म्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांपेक्षा कमी सराव होता, जरी एकूण चालवण्याचा अनुभव सरासरीने तीन वर्षांच्या जवळ होता. नवी गाडी हातात आल्यावर जुना अनुभव पूर्णपणे कामी येत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. आणीबाणीत ब्रेक दाबताना चाक जाम होऊन गाडी घसरते, ती याच अपुऱ्या सरावामुळे. चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा इथे मोठी मदत करते.

दारूबद्दल वेगळे सांगायला हवे. मोटारीला तोल सांभाळावा लागत नाही, मोटरसायकलला प्रत्येक क्षणी लागतो, म्हणून थोड्याशा दारूचाही परिणाम इथे आधी जाणवतो. हर्ट यांच्या अभ्यासात मृत्यू झालेल्या अपघातांपैकी जवळपास निम्म्यांत दारूचा संबंध आढळला. दारूचा आणखी एक दोष कमी बोलला जातो: अपघातानंतर माणूस गुंगीत असेल तर ती दारूची की मेंदूतल्या रक्तस्रावाची, हे ओळखणे अवघड होते आणि ‘प्यायलेला आहे, झोपू द्या’ असे म्हणत मौल्यवान वेळ निघून जातो. थकवा आणि अपुरी झोप यांचा परिणामही प्रतिसादाच्या वेळेवरच होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, हे ध्यानात घेतले तर अर्ध्या सेकंदाच्या उशिराची किंमत कळते.

मागे बसणाऱ्याला समोरचा रस्ता नीट दिसत नाही, धक्क्याची आगाऊ सूचना मिळत नाही आणि धरायला हँडल नसते. तरीही हेल्मेट बहुतेक वेळा चालवणाऱ्याच्याच डोक्यावर असते. भौतिकशास्त्र पुढची आणि मागची सीट असा भेद करत नाही.

हेल्मेटचा प्रश्न कुठून सुरू झाला

मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, ज्यांना जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखते, इंग्लंडमध्ये दोन सायकलस्वार मुलांना वाचवताना मोटरसायकलवरून फेकले गेले. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे तरुण मेंदूशल्यचिकित्सक होते. पुढे केर्न्स यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये दाखवून दिले, की दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले लोक मृत्युमुखी पडले होते आणि ही संख्या युद्धापूर्वीच्या तेवढ्याच काळापेक्षा २१ टक्क्यांनी जास्त होती. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांसाठीचा कायदा मात्र १९७३ मध्ये आला, केर्न्स यांच्या निधनानंतर २१ वर्षांनी.

त्यानंतर जमलेला पुरावा भक्कम आहे. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८ मधील कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असे आढळले. इटलीने २००० मध्ये सर्व दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केल्यावर रोमान्या भागात दुचाकी अपघातांतून मेंदूच्या इजेसह रुग्णालयात येणाऱ्यांची संख्या सुमारे ६६ टक्क्यांनी घटली.

‘हेल्मेटच्या वजनाने मान मोडते’

ही शंका अप्रामाणिक नाही. १९८०च्या दशकात काही अभ्यासकांनीही ती मांडली होती. पण नंतरच्या मोठ्या पाहणीत उलटे चित्र दिसले. अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदींमधील ४०,००० हून अधिक अपघातग्रस्तांची माहिती तपासून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेल्मेट घातलेल्यांमध्ये मानेच्या कण्याला इजा होण्याची शक्यता २२ टक्क्यांनी कमी आढळली.

‘हेल्मेटची चाचणी ताशी २७ किलोमीटरला होते, मग साठच्या वेगाला ते काय वाचवणार?’

चाचणीचा आकडा साधारण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा स्वार रस्त्यावर पडतो तेव्हा त्याच्या डोक्याचा रस्त्याशी काटकोनात असलेला वेग मुख्यतः पडण्याच्या उंचीवर ठरतो; आडवा वेग घसरण्यात खर्च होतो. हर्ट यांच्या तपासणीत प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी गाड्यांचा मध्यक वेग (निम्म्या गाड्या ज्याहून हळू होत्या तो) ताशी सुमारे ३५ किलोमीटरच होता. खांबावर किंवा मोटारीवर सरळ डोके आदळले तर गोष्ट वेगळी, आणि तिथे हेल्मेटची मर्यादा मान्य करायलाच हवी. घसरताना डोक्याला बसणारा पीळ जुन्या चाचण्यांत मोजलाच जात नव्हता. युरोपीय मानकाच्या २२.०६ या आवृत्तीत तिरक्या आघाताची चाचणी आता घेतली जाते.

‘हेल्मेटमुळे बाजूचे दिसत नाही’, ‘जवळच तर जायचे आहे’

मानकांनुसार हेल्मेटमधून समोरच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंशांपर्यंत दिसले पाहिजे, आणि हे क्षेत्र वाहन चालवण्यासाठी पुरेसे आहे. जवळच्या अंतराबद्दल हर्ट यांचेच निरीक्षण आहे: बहुतेक अपघात खरेदी, कामे, मित्रांच्या भेटी अशा छोट्या फेऱ्यांत आणि निघाल्यानंतर थोड्याच वेळात झालेले होते. हेल्मेट घातले पण हनुवटीखालचा पट्टा बांधला नाही, तर पहिल्याच आघातात ते निघून जाते आणि पुढच्या आघाताला डोके उघडे सापडते.

‘हेल्मेटने हाताच्या नसा वाचत नाहीत, हे खरे ना?’ हेही लोक विचारतात. हो, खरे आहे. खांदा आणि मान यांच्यातला ताण हेल्मेट रोखत नाही. तो कमी करण्याचा मार्ग म्हणजे फेकले जाण्याचा वेगच कमी ठेवणे आणि फेकले जाण्याची वेळ येऊ न देणे. मेंदूसाठी शेवटचा बचाव डोक्यावर असतो. हाताच्या नसांसाठी असा शेवटचा बचाव नाही.

अपघातानंतरचा वेळ

जखमी मेंदूला पहिल्या आघातानंतर सर्वांत जास्त नुकसान करतात ते प्राणवायूची कमतरता आणि घसरलेला रक्तदाब. मेंदूची गंभीर इजा झालेल्यांमध्ये वरचा रक्तदाब एकदा जरी ९० च्या खाली गेला, तरी मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट होते, असे १९९० च्या दशकातील एका मोठ्या अमेरिकी पाहणीत दिसले. म्हणून रक्तस्राव दाबून थांबवणे आणि श्वासाची वाट मोकळी ठेवणे ही मेंदूचीच शुश्रूषा आहे. गुंगीत असलेल्याला पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला बसवू नये आणि हातपाय धरून ओढू नये, कारण कण्याला इजा असेल तर मज्जारज्जूचे उरलेसुरले तंतूही अशा हालचालीत जाऊ शकतात. जखमी श्वास घेत असेल तर हेल्मेट प्रशिक्षित लोकांनीच काढावे. श्वास अडत असल्याने काढावेच लागले, तर एकाने मान सरळ धरावी आणि दुसऱ्याने ते हळूहळू सोडवावे.

रुग्णालयात शुद्धीचे मोजमाप ‘ग्लासगो कोमा स्केल’ने करतात. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये तयार केलेल्या या पद्धतीत डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना मिळून ३ ते १५ गुण देतात. ८ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गंभीर इजा. एका वेळच्या गुणांपेक्षा ते घसरत आहेत का, हे जास्त बोलके असते. घरी पाठवलेल्या माणसाची डोकेदुखी वाढत गेली, त्याला वारंवार उलट्या झाल्या, तो झोपाळू किंवा गोंधळलेला वाटू लागला, फिट आली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव आला किंवा कानामागे काळानिळा डाग उमटला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि हातासाठी एक साधी तपासणी आहे, ती नातेवाइकांनाही करता येते. रुग्ण शुद्धीवर आला, की त्याला दोन्ही हात खांद्यापासून वर करायला, कोपरे वाकवायला आणि बोटे पसरायला सांगावे. एक हात मागे पडला, किंवा त्याच बाजूची पापणी किंचित खाली आलेली आणि बाहुली लहान दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. पापणीची ही खूण सर्वांत खालचे मूळ उपटले गेल्याचे सुचवते. नसांची विद्युत तपासणी साधारण तीन-चार आठवड्यांनी खरे चित्र दाखवते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातला चांगला अहवाल पाहून निर्धास्त होऊ नये. तीन महिन्यांत हालचाल परतू लागली नाही, तर नसांच्या शल्यचिकित्सकाची भेट तोपर्यंत झालेली असली पाहिजे.